पावसाळ्यात घोड्याचे खूर: औषध विचारण्याआधी या चुका टाळा

नंदुरबारकडच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून डिसेंबरात घोडं आणणाऱ्याची खरी परीक्षा जुलैत होते. दत्तजयंतीच्या सुमाराला भरणाऱ्या त्या बाजारात मारवाडी आणि काठियावाडी घोडी येतात. मूळची राजस्थान-सौराष्ट्राच्या कोरड्या मुलखातली जात. हिवाळाभर रपेट आणि फोटो झोकात चालतात. मग पाऊस लागतो. आमच्या नाशिककडे निफाड-दिंडोरीची काळी माती खुरात थापून बसते, त्र्यंबक-इगतपुरीकडे तर जमीन आठवडेच्या आठवडे वाळत नाही. मालकाचा फोन येतो, "खुराला वास येतोय, कोणतं औषध टाकू?"

माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: घोडं रात्री कुठे उभं असतं? यावर दहातल्या नऊ जणांचा आवाज खाली येतो.

मोरचूद थापणे

आपल्याकडे ही खोड जास्त, कारण द्राक्षवाल्याच्या घरात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, हाताशी असतं. बुरशीवर चालतं ना, मग खुरावरही चालेल, असा हिशोब. पण बागेत फवारतात ते बोर्डो मिश्रण एक टक्क्याचं: शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, आणि त्याचा जहालपणा मारायला चुना. खुरात भरतात ते नुसत्या खड्यांचं घट्ट कालवण.

निफाडकडच्या एका बागायतदाराची मारवाडी घोडी होती, चार वर्षांची, देखणी. खुराच्या तळाला मधोमध जो त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो, त्याच्या कडेच्या खाचांतून काळा, कुजका लगदा यायला लागला. मुलाने कुठेतरी व्हिडिओ पाहिला आणि मोरचूद कालवून रोज दाबून भरलं. घोडी उभी होती त्याच ओल्या गोठ्यात, गाईंच्या शेजारी. आठवडाभराने तिने मागचा पाय टेकणं सोडलं, तेव्हा मला आणि नालबंद चाचांना बोलावलं. चाचांनी पाय गुडघ्यावर घेतला. वरून सगळं कोरडं, टणक, हिरवट-निळी खपली. मुलगा म्हणाला, "बघा चाचा, सुकलं की." चाचांनी कड जरा उचलली तर खाली लालभडक कच्चं मांस आणि पू. त्यांनी सुरी बाजूला ठेवली. "हे माझं काम राहिलं नाही. डॉक्टरला बोलवा."

झालं काय, ते समजून घ्या. खूर कुजवणारे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात. जहाल रसायन वरचा थर जाळतं, त्याची खपली होते आणि तिच्याखाली जंतूंना हवी तशीच बंद जागा तयार होते. वर जिवंत भाग भाजतो तो वेगळाच. डॉक्टरांनी साफ करून पट्टी बांधली, घोडी कोरड्या मुरमावर नेली, तरी ती नीट चालायला दिवाळी उजाडली. एवढं होऊन मालकाने मला विचारलं, "मग मोरचूद किती टक्क्याचं वापरायचं?" मी चहा संपवला आणि निघालो.

फिनेल, फॉर्मॅलिन, बॅटरीचं पाणी, डिझेल: उत्तर तेच, नको.

माझी सवय साधी आहे. खूर साफ करायच्या लोखंडी आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती काढायची, ब्रशने खाचा मोकळ्या करायच्या, जुन्या सुती कापडाने कोरडं पुसायचं. खाच खोल असेल तर पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलकेच बसवायचा आणि रोज बदलायचा. वास गेला, खाच भरली की थांबायचं. त्या मऊ भागाचे सालपटासारखे तुकडे अधूनमधून आपोआप गळतात, तो रोग नव्हे. वास आणि काळा लगदा असेल तरच काळजी. मधली खाच चिरेसारखी होऊन टाचेपर्यंत गेली, रक्त आलं किंवा घोडं लंगडलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि सुरी हातात असेल तर तो मऊ भाग "स्वच्छ दिसावा" म्हणून कोरत बसू नका. ते काम नालबंदाचं, आणि चांगला नालबंदही तिथे कमीच कापतो.

रोज पाईप लावून पाय धुणे

संध्याकाळी पाय चकाचक धुवायचे आणि ओलेच घोडं बांधायचं. याने समाधान फक्त मालकाला मिळतं. चिखल वाळू द्या, मग ब्रशने झाडा. धुवायलाच लागले तर टाचेवरच्या खळगीपर्यंत पुसून कोरडे करा. तिथे ओल राहिली की खपल्या धरतात, कातडी फाटते आणि दुसरं दुखणं मागे लागतं.

ओल्या खुरावर तेल

ओल आत कोंडते. जळकं ऑइल लावणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे.

चातुर्मासात नालबंदालाही सुट्टी

ही वरातीच्या घोड्यांची गोष्ट, आणि माझा सगळ्यात जास्त राग इथे आहे. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, घोडी गोठ्यात जाते. काम नाही म्हणून नालबंद बोलावत नाहीत. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, मात्र लग्नसराईत होती तेवढीच चालू, वर पावसाळी हिरवं गवत.

खूर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. जूनमध्ये मारलेली नाल कार्तिकापर्यंत तशीच ठेवली की खूर तिच्यावरून बाहेर येतो, नाल आत सरकून तळव्याला दाबते. त्यात रोज भिजून-सुकून खुराची भिंत फुगते-आकसते आणि खिळे ढिले पडतात. ढिल्या खिळ्याच्या भोकातून ओल आणि घाण वर चढते. मग तुळशीच्या लग्नानंतर पहिली सुपारी येते, घाईने नवी नाल ठोकायला जावं तर खिळा धरायला धड भिंतच उरलेली नसते. तुटलेला भाग खाली वाढून निघून जायला महिने लागतात, टोकाशी तर वर्षही. नालबंद जादूगार नाही.

माझ्या मते डांबरी रस्त्यावर काम नसेल आणि उभं राहायला कोरडी जागा असेल तर या चार महिन्यांत नाल काढून ठेवावी. ठेवा किंवा काढा, दर सहा आठवड्यांनी कानस फिरलीच पाहिजे. आणि चंदी कामाप्रमाणे कमी करा. रिकामं उभं घोडं धान्यावर फुगलं की खुराच्या आतच सूज येते: खूर गरम लागतात, घोडं पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतं, वळताना कचरतं. हे चिखलाचं दुखणं नाही, त्यामुळे खुरात काही भरून ते जाणार नाही. डॉक्टर येईपर्यंत धान्य बंद, मऊ जागेवर उभं करा आणि फिरवू नका.

सगळ्या आवारात मुरूम टाकायचा म्हणून काहीच न टाकणे

खर्च ऐकूनच लोक गार होतात. सगळं आवार कोण भरायला सांगतंय? चिखल होतो तो फाटकापाशी, पाण्याच्या हौदापाशी आणि गव्हाणीपुढे, कारण घोडं तिथेच ताटकळतं. तेवढ्या तीन जागा आधी उतार देऊन मुरमाने उचला, वर बारीक कच पसरा. नुसती मोठी खडी टाकू नका; पावसात मऊ झालेल्या तळव्याला ती टोचते. पत्र्याची पागोळी नेमकी दारात पडत असेल तर पन्हळ लावा.

गाईंच्या गोठ्यातल्या रबरी मॅट चालतात, पण त्याखाली मूत साठतं. त्या उचलून धुवायच्या असतात हे विकणारा सांगत नाही. वखारीतला भुसा घेताना मुठीत दाबून बघा, ओला असेल तर परत करा. घोटीकडचा भाताचा पेंढाही चांगला, फक्त रोज सकाळी ओला भाग बाहेर गेला पाहिजे. परवावर ठेवलं की अमोनियाचा वास डोळ्यांत जातो आणि खुराचं काय होतं ते तुम्हाला पुढच्या आठवड्यात कळतं.

एका रात्रीत लंगडलं म्हणजे पाय मुरगळला, असं धरणे

पावसाळ्यात काल बरं असलेलं घोडं आज पाय टेकत नसेल तर आधी खूर बघा. एक खूर बाकीच्यांपेक्षा गरम, त्याच पायाच्या खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी जोरात: बहुतेक वेळा आत पू धरलेला असतो. मालिश करू नका, घरी कोरू नका. डॉक्टर वाट करून देतील, मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे सैंधव नव्हे, मेडिकलमधलं एप्सम सॉल्ट घालून कोमट पाण्याचा शेक आणि कोरडी पट्टी. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, आणि त्याची वाट अशाच छिद्रातून असते. त्याची लस मे महिन्यातच टोचून घ्या. टोचल्याची तारीख आठवत नसेल तर टोचली नाही असं समजून डॉक्टरांना फोन लावा.