एक्स्चेंजमधली कंट्रोल कार्डं गप्प झाली तर कुठून शोधायचं

डिजिटल टेलिफोन एक्स्चेंजच्या आत दोन गोष्टी धावत असतात, लोकांचा आवाज आणि प्रोसेसरांचे आपापसातले कंट्रोल मेसेज. आवाज नीट येतोय म्हणजे कंट्रोलही ठीक असणार असं धरलंत तर दिवसभर भलत्याच कार्डाशी झटापट होईल.

म्हणून एक कॉल धरा आणि खालून वर जा. रिसीव्हर उचलला की लूप पूर्ण होतो, करंट वाहतो, लाइन कार्डाला (फोनची तार जिथे येते त्या कार्डाला) ते कळतं. शेल्फचा (ही कार्डं बसवलेल्या कप्प्याचा) छोटा कंट्रोलर सगळ्या लाइन्स दर काही मिलिसेकंदांनी चाळत असतो आणि जिथे बदल दिसला तेवढंच वर कळवतो, नाहीतर मोठा प्रोसेसर नुसत्या लाइन्स मोजण्यातच अडकून पडेल ना. वरून हुकूम येतो, या लाइनला डायल टोन जोड.

हे मेसेज जायला बऱ्याच सिस्टिममध्ये वेगळी वायर नसतेच! आवाजाच्याच पीसीएम लिंकवरचा (आवाज डिजिटल करून नेणाऱ्या लिंकवरचा) ६४ केबीपीएसचा एखादा टाइमस्लॉट, म्हणजे वेळेचा ठरलेला कप्पा, राखून ठेवतात आणि त्यावर एचडीएलसी फ्रेम्स, म्हणजे ठरलेल्या साच्यातली मेसेजची पाकिटं, पाठवतात. दोन्ही टोकांना ०११११११० हा फ्लॅग (हद्दीची खूण), शेवटच्या फ्लॅगआधी सीआरसी (चूक पकडायचा आकडा), तो जुळला नाही तर फ्रेम फेकून देतात आणि मेसेज परत मागवतात. डेटातच फ्लॅगसारखं काही आलं तर घोळ होईल, म्हणून सलग पाच १ आले की पाठवणारा मध्ये एक ० घुसवतो आणि घेणारा तो काढतो. मला तरी ही युक्ती जाम आवडते.

आता बिघाड. एकाच लाइनला टोन नाही, तर आधी ती लाइन आणि तिचं कार्ड बघा. अख्खं शेल्फ गप्प असेल तर कंट्रोल लिंकचा सीआरसी एरर काउंटर बघा. एकाच लिंकवर वाढतोय तर केबल, कनेक्टर किंवा इंटरफेस कार्ड, सगळ्याच लिंकवर एकदम वाढतोय तर क्लॉकवर (सगळ्यांना ताल देणाऱ्या घड्याळावर) संशय घ्या.

आणि घाईत रीसेट मारू नका हां. कंट्रोलर मेला तरी चालू कॉल बहुतेक वेळा टिकतात, कारण कोणता टाइमस्लॉट कुठे जोडायचा ते स्विचच्या मेमरीत लिहिलेलं असतं आणि ती दर १२५ मायक्रोसेकंदांनी वाचली जाते, फक्त नवीन कॉल लागत नाहीत आणि कोणी फोन ठेवला तरी कळत नाही. रीसेटने ती मेमरी पुसली गेली तर बोलणारे सगळेच तुटतात. आधी स्टँडबाय (राखीव) कंट्रोलर सिंकमध्ये, म्हणजे चालू कंट्रोलरशी जुळलेला, आहे का बघा, त्याच्यावर काम सरकवा, मगच जुनं कार्ड उपसा.