भांडण अंगावर आलं की आधी पाय हलवा

बांधावरून भावकी समोर आली की आपण छाती काढून अगदी नाकासमोर उभे राहतो. तालमीत असा ताठ गडी पहिल्या झटक्यात पट देऊन, म्हणजे पाय समोरच्याच्या हाती देऊन बसतो. 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्या सातारा जिल्ह्यात तरी हे सांगायला लागू नये, पण लागतं.

अर्धं पाऊल बाजूला सरका, म्हणजे दोघांचं तोंड बांधाकडे होतं. गुडघे सैल, तळवे उघडे. समोरचा रेटतो तेव्हा उलटा रेटा देऊ नका, त्याचा जोर पुढं जाऊ द्या. बोलण्यातही तेच: "तात्या, दोन फूट गेलं म्हणताय ना? चला, टेप लावू. कुठनं धरायची, तुम्हीच दाखवा." तात्या चालायला लागले की निम्मा आवाज आपोआप खाली येतो. तुम्ही मात्र श्वास पूर्ण सोडल्याशिवाय उत्तर देऊ नका.

मनगट धरलंच, तर त्याचा अंगठा आणि बोटं जुळतात त्या फटीकडं फिरवून हात सोडवा आणि मागं व्हा. काठी-कुऱ्हाड दिसली तर डाव विसरा, सरळ निघा आणि 112 लावा.

आणि वाद वर्षानुवर्षं कुजतोय, काही सुचतच नाही? खाली सापडलेला पैलवान एकदम उठत नाही; आधी कोपर अंगाशी, मग गुडघा पोटाखाली, मग कूस. तसंच करा. दहा बैठका मारा, अंग गरम होऊ द्या, मग एकच काम: ताजा सातबारा काढा. मोजणीचा अर्ज उद्या, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात.