उजनीत कॅनू घेऊन उतरताय? या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायचे म्हणून करमाळा-माढ्याच्या बाजूने उजनीत होडी घालणे, ही सगळ्यात नेहमीची चूक. त्या दिवसांत धरण बहुधा भरलेले असते. रोहित उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी करून गाळ गाळतो. काठोकाठ पाण्यात त्याला उभे राहायला जागाच नसते. पुढे कालव्यांना पाणी सुटते, पातळी उतरते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि मग थवे उतरतात. उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आणि उपयुक्त साठा संपतो ती ४९१.०३ मीटर. फरक सहा मीटरही नाही, पण काठ इतका सपाट आहे की तेवढ्यात पाणी शेकडो मीटर मागे सरते. म्हणून निघण्याआधी पेपरात उजनी किती टक्के आहे ते बघा. काय दिसेल आणि होडी कुठून लावायची, दोन्ही त्यावरच ठरते.

पाणी उतरले की दुसरी चूक घडते: काठ आला म्हणून पाय खाली टाकणे. वरून घट्ट दिसणारी साय असते, खाली काळ्या मातीचा गाळ, आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. आधी वल्हे उभे खुपसून बघा. वल्हे सहज वीतभर रुतले तर तिथे उतरायचे नाही. रुतलाच तर पाय जोरात ओढू नका. होडीवर छाती टेकून वजन तिच्यावर द्या, पाय हळूहळू हलवत मोकळा करा.

वारा

सकाळी आरशासारखे पाणी बघून लोक फार आत जातात आणि परतताना वारा समोरून येतो. जलाशय रुंद आहे. वाऱ्याला मोकळा पट्टा जितका लांब, तितकी लाट मोठी. उन्हाळ्यात वळिवाआधीचा वारा तर मिनिटांत उठतो. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. कॅनू त्याहून कितीतरी हलकी. उजाडता निघा, दहाच्या आत काठाला या, काठापासून दोनशे मीटरच्या पलीकडे जाऊ नका. जाताना वारा समोरून घेत जा, म्हणजे दमल्यावर तोच वारा घरी आणेल. लाइफ जॅकेट होडीत ठेवायचे नसते, पट्टे आवळून अंगात घालायचे असते. होडी उलटली तर तिला धरून राहा, काठ जवळ वाटला तरी पोहत सुटू नका. आणि पक्षी दिसला की दोघांनी एकाच बाजूला वाकायचे नाही. एक बघतो तेव्हा दुसऱ्याने वल्हे पाण्यावर आडवे धरावे.

थव्याच्या दिशेने सरळ नाक करून जाणेही चूकच. तिरके जा, थांबत जा. पक्ष्यांनी चरणे सोडून माना वर केल्या की तिथेच थांबा. आणखी पुढे गेलात तर थवा उडेल. मार्च ते मे या काळात उघड्या पडलेल्या बेटांवर उतरूच नका. नदीसुरय आणि पाणभिंगरी तिथे उघड्या वाळूवर, खड्यांत अंडी घालतात आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

मोजमाप चुकते कुठे

पाण्याचा गढूळपणा मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी घ्या, चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा आणि दोरीला दर १० सेंटिमीटरला गाठ मारा. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यायची. गॉगल घालून किंवा उन्हाच्या बाजूने बघितले तर आकडा फसवतो. होडीच्या सावलीच्या बाजूने बघा.

पाण्याचा नमुना घेताना बाटली वरच्यावर बुडवली की हिरवी साय भरते आणि सगळे धरण तसेच आहे असे वाटते. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, तोंड खाली करून हातभर आत न्या आणि मग उलटा. साय हाताला लागू देऊ नका. तिच्यातली काही शेवाळे विषारी असतात. विरघळलेला ऑक्सिजन मोजणार असाल तर वेळ लिहाच. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्री ओढते, त्यामुळे पहाटेचा आणि दुपारचा आकडा एकाच पाण्याचा वाटत नाही. वेगवेगळ्या दिवसांची तुलना करायची तर घड्याळ तेच हवे.

धरणाखालच्या भीमेत वेगळाच धोका आहे. सोलापूरच्या पिण्यासाठी किंवा वारीसाठी पाणी सोडले की पातळी अचानक वाढते. सोडल्याची चौकशी न करता उतरू नका. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर पायथ्याशी ते उलटे फिरते आणि होडी बाहेर येऊ देत नाही. बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या फळ्या, काढलेले असले तर होडी दोन खांबांत आडवी अडकते. बंधारा दिसताच काठाला लागा आणि होडी उचलून पलीकडे न्या.

मच्छीमारांच्या जाळ्याचे थर्माकोलचे तरंगते तुकडे ओळीत दिसले तर वळसा घाला. वल्हे अडकलेच तर मागे घ्या, जाळे कापू नका.

उजनीतून काढलेली होडी तशीच सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात घालणे, ही चूक फार थोड्यांना चूक वाटते. जलपर्णीचा, म्हणजे केंदाळाचा, तुटका फुटवाही नव्या पाण्यात रुजतो. होडी काठावरच उपडी करून पाणी काढा, फटींतली केंदाळाची मुळे उपटा, दोर आणि जॅकेट धुवा आणि सगळे दोन दिवस उन्हात कडक वाळवा.