प्रयोगशाळेतील डीएम संच: पाणी आयनमुक्त कसे करावे

नळाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात कॅल्शियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट असे आयन (विद्युतभारित कण) विरघळलेले असतात आणि ते गाळून निघत नाहीत. डीएम (डिमिनरलाइज्ड, म्हणजे खनिजमुक्त पाणी देणाऱ्या) संचात रेझिनचे, म्हणजे कृत्रिम राळेचे, बारीक मणी भरलेले स्तंभ असतात. त्यातील कॅटायन रेझिन धनभारित आयन धरून ठेवून हायड्रोजन आयन सोडते, अनायन रेझिन ऋणभारित आयन धरून हायड्रॉक्सिल आयन सोडते, आणि सुटलेल्या या दोहोंच्या संयोगातून पुन्हा पाणीच तयार होते.

पाणी प्रथम सक्रिय कोळशातून न्यावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे रेझिन खराब होते. त्यानंतर कॅटायन स्तंभ आणि मग अनायन स्तंभ, हा क्रम उलटू नये. कठीण पाणी आधी अनायन रेझिनवर गेल्यास ते अल्कधर्मी होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड व कॅल्शियम कार्बोनेट यांचा साका मण्यांवर बसतो. या दोन स्तंभांनंतरही थोडे सोडियम निसटते, म्हणून अधिक शुद्धता हवी असल्यास शेवटी दोन्ही रेझिने मिसळलेला मिक्स्ड बेड जोडावा. २५ अंश सेल्सिअसला पूर्ण शुद्ध पाण्याची वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता; आयन कमी तितकी ती कमी) ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. वाहकता मीटरचे आकडे या मापाशी ताडून पाहावेत. मात्र सिलिका मीटरला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे तिची चाचणी वेगळी करावी.

वाहकता चढू लागली की दोन्ही स्तंभांचे रीजनरेशन करावे, म्हणजे रेझिन पुन्हा वापरण्याजोगे करावे. खालून वर पाणी सोडून रेझिन मोकळे केल्यावर कॅटायन स्तंभातून सुमारे ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अनायन स्तंभातून सुमारे ४ टक्के कॉस्टिक सोडा सावकाश सोडावा. सोड्याचे द्रावण नळाच्या पाण्यात करणे ही नेहमीची चूक आहे. त्यासाठी आणि अनायन स्तंभ धुण्यासाठीही कॅटायन स्तंभातून आलेले किंवा डीएम पाणीच वापरावे, नाहीतर वर सांगितलेला साका इथेही बसतो. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. बाहेर पडणारी द्रावणे उदासीन करूनच सांडपाण्यात सोडावीत.

हा संच जिवाणू काढत नाही. उलट वापराविना पडून राहिलेल्या रेझिनवर ते वाढतात. त्यामुळे काही दिवसांच्या खंडानंतरचे पहिले पाणी टाकून द्यावे. तयार पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तासाभरातही बिघडू शकते, म्हणून काचेऐवजी पॉलिएथिलीनच्या झाकणबंद भांड्यात लागेल तेवढेच भरून घ्यावे.