गिअर टाकताना खर्रर्र होतंय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

जुनी मारुती 800, झेन किंवा सँट्रो गॅरेजला नेली आणि 'गिअर टाकताना खर्रर्र करते' एवढंच सांगितलं, की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: गिअरबॉक्स उतरवावा लागेल. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दोष क्लचचा असतो, ऑइलचा असतो, नाहीतर चक्क पायाखालच्या मॅटचा असतो, आणि खर्च होतो गिअरबॉक्सवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! म्हणून गाडी दाखवायला नेण्याआधी आवाज नेमका कधी येतो, हे स्वतः नीट बघून ठेवा. मिस्त्रीलाही त्याचीच जास्त मदत होते.

सगळे आवाज एकाच खात्यात टाकू नका

गिअर पडताना होणारी खरखर वेगळी आणि गाडी नुसती चालू असताना येणारी घरघर वेगळी. गाडी उभी आहे, न्यूट्रलमध्ये आहे, क्लचवर पाय नाही आणि घरघर ऐकू येतेय. क्लच दाबला की ती थांबते. असं असेल तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून फिरणं आत आणणाऱ्या शाफ्टच्या) बेअरिंगवर घ्या. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणारं बेअरिंग, संपत आलंय. गिअर टाकला की थोड्या वेळाने आपोआप सुटत असेल तर ती तक्रार आणखी निराळी. तिथे गिअर लिव्हरखालचे झिजलेले बुश आणि इंजिन माउंटिंग आधी बघायचे, शिफ्टर फोर्क (आत गिअर सरकवणारा काटा) नंतर.

आता मुख्य प्रश्न: खरखर सगळ्या गिअरना होते की एकाच गिअरला? सगळ्यांना होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये, असं समजून तिथून सुरुवात करा. एकालाच होत असेल तर तो गिअर आणि त्याचा सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारा भाग). मधल्या काही केसेस असतात, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

रिव्हर्सची परीक्षा, आणि तिचा चुकीचा अर्थ

मोकळ्या, सपाट जागेत गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा. इंजिन आयडलिंगवर ठेवून क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच अंक मोजा आणि मग सावकाश रिव्हर्स टाका. गुपचूप पडला तर क्लच सुटतोय. थांबूनही खरखर झाली, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून) पूर्ण मोकळी होत नाहीये. इंजिन बंद केल्यावर सगळे गिअर सरळ पडतात आणि चालू केल्यावर अडतात, हेही त्याच दुखण्याचं लक्षण.

थांबायचं एवढ्यासाठी, की बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो आणि क्लच दाबल्यावरही शाफ्ट क्षणभर फिरत राहतो. क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स ढकलला तर चांगल्या गाडीतही तो ओरडतो. पार्किंगमध्ये घाई असेल तर आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाका. जुनी अ‍ॅम्बॅसेडर किंवा पद्मिनी हौसेने सांभाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: या गाड्यांत पहिल्या गिअरलाही सिंक्रो नसायचा. गाडी चालती असताना पहिला टाकला आणि खरखर झाली, तर तो बिघाड नव्हे.

क्लच सुटत नसेल तर आधी स्वस्तातलं बघा. रबरी मॅटवर मॅट, त्यावर आणखी एक कापडी मॅट, असे थर असतील तर पेडल तळाला टेकतच नाही. ते काढून पुन्हा परीक्षा घ्या. हसू येईल, पण गॅरेजमध्ये असल्या केसेस येतात. मग पेडलचा फ्री प्ले बघा. पेडल हाताने दाबून पाहा: जड लागायला सुरुवात होईपर्यंत साधारण 15 ते 25 मिलिमीटर सैल जायला हवं (नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो). त्याहून बरंच जास्त सैल असेल तर क्लच वायर ताणली गेलीय किंवा अ‍ॅडजस्टमेंट हलली आहे. बॉनेट उघडून वायरचं गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरकडचं टोक बघा. तिथे तारेचे दोन-चार धागे तुटून बाहेर आलेले दिसले तर अ‍ॅडजस्ट करत बसू नका, वायरच बदला. बोलेरो, क्वालिससारख्या गाड्यांत वायर नसते, तिथे क्लच हायड्रॉलिक असतो. क्लचच्या ऑइलची पातळी खाली गेलीय का आणि स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच लिव्हर ढकलणारा) ओला आहे का, ते पाहा. पेडल चार-पाच वेळा पंप केल्यावर गिअर नीट पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं सील गेलंय.

पावसाळाभर गावी उभी राहिलेली गाडी दसऱ्याला काढली आणि एकही गिअर पडेना, तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते.

'नव्वद नंबर टाक' म्हणू नका

मला सगळ्यात जास्त चिडवणारी चूक ही. दुकानात 'गिअर ऑइल द्या, नव्वद नंबर' म्हटलं की जो डबा हाती येतो तो गिअरबॉक्सचा नसून डिफरन्शियलचा (दोन चाकांमध्ये जोर वाटणाऱ्या गिअरचा) असू शकतो. नव्वद म्हणजे फक्त जाडी. ऑइलचा प्रकार वेगळा: डब्यावर जीएल-4 आहे की जीएल-5, ते वाचायला हवं. सिंक्रोची रिंग बहुधा पितळेची असते. चालत्या लोकलबरोबर चार पावलं धावून मग दांडा धरावा, तसं ती रिंग घर्षणाने गिअरचा वेग जुळवून घेते आणि मगच दाते अडकतात. जीएल-5 मधली जास्तीची गंधक-फॉस्फरसची रसायनं हे घर्षण कमी करतात, आणि काही ऑइलमध्ये पितळ हळूहळू खातातही. मॅन्युअलमध्ये जीएल-4 लिहिलं असेल तर तेच घाला, जाडीही तिथली. थंडीत सकाळी पहिले काही मिनिटं गिअर अडतो आणि नंतर सुधारतो, तेव्हा बऱ्याचदा कोणीतरी गरजेपेक्षा जाड ऑइल भरलेलं असतं.

ऑइल बदलताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल करा, मगच खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि खालून सगळं ऑइल सोडलं असेल, तर गाडी जागेवरच अडकली. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी, लोण्यासारखा थर बोटावर घेऊन चोळा. बारीक असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारे तुकडे लागले तर दाते तुटतायत. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंग झिजतायत.

फक्त दुसराच ओरडत असेल तर

शहरात सर्वांत जास्त राबतो तो दुसरा, म्हणून सहसा त्याचाच सिंक्रो आधी जातो. खात्री करायला डबल क्लच करा: तिसऱ्यातून न्यूट्रल, क्लच सोडा, किंचित अ‍ॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच, मग दुसरा. असं केल्यावर खरखर गेली तर सिंक्रो झिजलाय हे जवळपास नक्की. याच पद्धतीने काही महिने गाडी चालवताही येते. जोर लावून गिअर कोंबू मात्र नका. रिंगवरचं काम स्लीव्ह (सरकून गिअरमध्ये अडकणारी दातेरी कडी) आणि गिअरच्या दात्यांपर्यंत जातं आणि बिल दुप्पट होतं. गिअर लिव्हरवर हात टाकून गाडी चालवायची सवयही सोडा, त्याने फोर्क स्लीव्हवर घासत राहतो.

गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बघून घ्या, कारण मजुरी खरी उतरवण्या-चढवण्याचीच असते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारातून बॉक्स आणणार असाल तर आपल्याच मॉडेलचा घ्या. 800 मध्ये चार गिअरचा आणि पाच गिअरचा असे दोन्ही येतात. बसवण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून पाहा आणि थोडं ऑइल पांढऱ्या फडक्यावर काढून बघा. नवी क्लच प्लेट बसली की हजारेक किलोमीटरनंतर फ्री प्ले पुन्हा तपासून घ्या.