‘इन्फ्रिंज’ नेमकं कुठं वापरायचं?

इंग्रजी पत्रं आणि करारांचे मसुदे तपासणं हे माझं रोजचं काम. त्यात भलत्या जागी येऊन बसलेलं ‘इन्फ्रिंज’ हमखास सापडतं. आपलं ‘उल्लंघन’ सिग्नलपासून कॉपीराइटपर्यंत सगळीकडे चालतं ना, मग इंग्रजीतही एकच शब्द धरून ठेवायचा मोह होतो.

आधी पुढं कर्म काय येतंय ते बघा. पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क असेल तर बिनधास्त इन्फ्रिंज लिहा, आणि कर्म थेट जोडा: ‘द डिझाइन इन्फ्रिंजेस अवर पेटंट.’ घोळ होतो तो ‘पेटंटचं उल्लंघन’मधल्या ‘चं’मुळे. तो डोक्यात घोळत असतो आणि हात ‘इन्फ्रिंजेस ऑफ’ लिहून मोकळा होतो. ‘ऑफ’ नामाला शोभतो, ‘इन्फ्रिंजमेंट ऑफ कॉपीराइट’ असा. क्रियापदाच्या शेजारी दिसला की खोडा.

हक्क, स्वातंत्र्य, खासगीपणा यांच्या आधी बहुतेकदा ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ येतं: ‘द न्यू रूल इन्फ्रिंजेस ऑन देअर प्रायव्हसी.’ इथं मराठीत ‘गदा आणणे’ चपखल बसतं. ‘ऑन’ गाळलं म्हणून कुणी चूक काढू नये. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या, १७९१ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दल नुसतं ‘शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड’ असंच आहे. माणूस मात्र कर्म होत नाही. ‘ही इन्फ्रिंज्ड मी’ असं कुणी लिहिलं तर मला पुढं वाचवत नाही.

आणखी एक गोष्ट नोटिशीचं पत्र लिहिताना फार उपयोगी पडते. इन्फ्रिंजमध्ये हेतूचा आरोप नसतो. पेटंट नकळतही इन्फ्रिंज होतं. समोरच्यानं नियम उघडउघड धाब्यावर बसवला असं म्हणायचं असेल तर ‘फ्लाउट’. हा शब्द झोंबतो, तेव्हा पुरावा हाताशी असू द्या. आणि तिथं ‘फ्लॉन्ट’ लिहू नका, त्याचा अर्थ मिरवणे.

करार मोडला तर ‘ब्रीच’, शस्त्रसंधी मोडली तर ‘व्हायोलेट’. एवढं पुरे.

स्पेलिंगमध्ये ‘इन्फ्रिंजिंग’ला शेवटचा ‘ई’ गळतो, ‘इन्फ्रिंजमेंट’ला टिकतो. उच्चारातला ‘ज’ ‘जीव’मधला, ‘जाड’मधला नव्हे.