काउंट बेसी ऐकायचा कसा

अमेरिकन जॅझ पियानोवादक काउंट बेसी पहिल्यांदा ऐकणारा हमखास विचारतो, "पण हा वाजवतो कुठे?" मागे अख्खा बँड गर्जत असतो आणि ज्याच्या नावाचा बँड, तो पियानोवर दोन-तीन सूर ठेवून गप्प. मी हार्मोनियमची साथ करतो. गायकाच्या मागे कमी वाजवायला किती धीर लागतो हे रोज अनुभवतो, म्हणून बेसी मला फार जवळचा वाटतो.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्यात डबल बास, म्हणजे खर्जाचे सूर देणारं ते उंच तंतुवाद्य, गायब होतो आणि खालची जमीनच निघून जाते. चांगले हेडफोन लावा.

सुरुवात 'वन ओ'क्लॉक जंप'ने करा, आणि तीही ७ जुलै १९३७ ची, डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेली. जेमतेम तीन मिनिटांची आहे. बोटांवर मोजत ऐका: चार-चार ठोक्यांचे बारा बार झाले की एक आवर्तन. प्रास्ताविकानंतरची पहिली दोन आवर्तनं पियानोची, पांढरी चार या पट्टीत. मग पट्टी बदलून काळी एक होते आणि हर्शेल एव्हान्सचा टेनर सॅक्सोफोन येतो, भरदार, कंप असलेला. ट्रॉम्बोननंतर दुसरा टेनर, लेस्टर यंगचा. वाद्य तेच, पण स्वर हलका, वाऱ्यावर सोडल्यासारखा. हे दोघं ओळखू येईपर्यंत पुढे जाऊ नका.

ट्रम्पेटनंतर सगळे थांबतात आणि उरतात चौघं: बेसी, बासवर वॉल्टर पेज, ड्रम्सवर जो जोन्स, गिटारवर फ्रेडी ग्रीन. हे आवर्तन पुन्हा पुन्हा लावा. एकदा फक्त बास ऐका, एकदा फक्त झांजेची सळसळ, एकदा प्रत्येक ठोक्यावर पडणारी गिटार. मग पियानोकडे या. बेसीचा सूर या तिघांनी ठेवलेल्या फटीत बरोबर बसतो. तिथे एक सूर जास्त झाला असता तर चाल जड झाली असती. माझ्या मते साथ म्हणजे काय, हे शिकायला याहून चांगला धडा नाही.

हात चालत नव्हता म्हणून तो कमी वाजवायचा, असं कुणी म्हणालं तर बेसी आधी ज्याच्याकडे वाजवायचा त्या बेनी मोटनच्या बँडची १९३२ ची ध्वनिमुद्रणं त्याला ऐकवा. न्यू जर्सीतल्या रेड बँकला १९०४ साली जन्मलेला हा मुलगा न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात फॅट्स वॉलर या पियानोवादकाकडून शिकला होता. डावा हात नुसता पळतो. पुढे कॅन्सस सिटीत, मोटन १९३५ साली वारल्यावर, रीनो क्लबमध्ये त्याने स्वतःचा छोटा बँड उभा केला. पुष्कळशा चाली कागदावर नव्हत्याच, वाजवता वाजवता ठरायच्या. रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडने तो बँड गाडीतल्या रेडिओवर ऐकला आणि बेसीला न्यूयॉर्कचा रस्ता खुला झाला. डेक्काच्या करारात मात्र रॉयल्टी नव्हती. तबकड्यांच्या चोवीस बाजूंचे मिळून ७५० डॉलर! वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं.

पुढचा टप्पा १९५७ चा, 'लिल डार्लिन'. नील हेफ्टीने ही रचना जलद लयीत बांधली होती; बेसीने ती इतकी विलंबित केली की सोळा माणसं एका श्वासात वाजवताहेत असं वाटतं. विलंबितात लय न सांडणं किती कठीण, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही गिटार धरून ऐका. फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये आला तो बेसी १९८४ साली गेल्यानंतरही त्याच बँडमध्ये होता, आणि एकट्याने वाजवायची संधी त्याने क्वचितच घेतली.

शेवटी १९५५ चं 'एप्रिल इन पॅरिस'. संपलं असं वाटलं तरी हेडफोन काढू नका. बेसी "वन मोर टाइम" म्हणतो आणि बँड शेवट पुन्हा वाजवतो. त्यानंतरही थांबा, अजून एक फेरी आहे.